पाणी मागितलं, ते लाल आलं

ग्वादालाहारातल्या एका खानावळीत मी पाणी मागितलं तेव्हा वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, "कशाचं?"

शेजारी भाची बसली होती. नोकरीपायी ती त्या शहरात चार वर्षं राहत होती आणि मार्चअखेरीस मी तिच्याकडे महिनाभरासाठी गेले होते. प्रवासाची झोप अजून डोळ्यांवर होती. स्पॅनिशचा माझा सगळा साठा म्हणजे 'ग्रासियास' आणि 'आग्वा'. त्यातला दुसरा शब्द मी मोठ्या धिटाईनं वापरला होता. पाणी कशाचं म्हणजे काय? पाणी पाण्याचं! भाचीनं हसू दाबत मांडणीकडे बोट केलं. तिथं काचेच्या तीन बुटक्या, पोटफुग्या बरण्या ओळीनं ठेवल्या होत्या, आपल्या लोणच्याच्या बरण्यांच्या थोरल्या बहिणी शोभाव्यात अशा. एकीत दुधासारखं पांढरं, दुसरीत मातकट तपकिरी, तिसरीत गडद लाल. प्रत्येकीत लांब दांड्याची पळी.

"मावशी, इथं जेवताना हेच पाणी. साधं हवं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं."

मी लालकडे बोट केलं. अर्धा लिटरचा पेला समोर आला, वर बर्फाचे दोन खडे. पहिला घोट आंबट, त्यामागून गोड, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या कडांना किंचित तुरट. कोकम नव्हे, डाळिंब नव्हे. चव मात्र ओळखीची होती, आणि ती कुठली हे काही केल्या सापडेना. गर्दीत एखादा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये, तसं झालं. पेला संपला तरी आठवेना.

"कशाचं गं हे?"

"हमाईका," भाची म्हणाली. "गेल्या वर्षी मी फोनवर सांगितलं होतं ना, तेच. हिबिस्कस."

आणि मग मला गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवला.

हिबिस्कस म्हणजे जास्वंद, असं आपण शाळेपासून शिकलेलो. भाचीनं फोनवर कौतुकानं सांगितलं की हिबिस्कसची फुलं उकळायची, साखर घालायची, गार करून प्यायचं. आमच्या सोसायटीत गणपतीसाठी लावलेली लाल जास्वंद आहे. सकाळी पंधरा-वीस फुलं तोडली, पाकळ्या काढल्या, उकळल्या. पातेल्यात जे तयार झालं त्याला सरबत म्हणायला मन धजेना. रंग जांभळट-निळसर, स्पर्श भेंडीच्या बुळबुळीसारखा, चव जवळजवळ नाहीच. लिंबू पिळल्यावर रंग एकदम गुलाबी झाला, तेवढंच काय ते समाधान. घरातल्यांनी एकेक चमचा चाखला आणि उरलेलं मी केसांना लावलं. त्या कामी ते उत्तम.

चूक फुलांची नव्हती, नावाची होती. हिबिस्कस हे एका मोठ्या कुळाचं आडनाव समजा. आपली देवाची जास्वंद त्यातली 'रोझा-सायनेन्सिस'. मेक्सिकोत पितात ती तिची चुलत बहीण, 'हिबिस्कस सब्दारिफा'. भेंडी आणि कापूस हेही याच गोतातले, त्यामुळे बुळबुळ घराण्यातच आहे. सब्दारिफाचं फूल फिकट पिवळं, तळाशी गडद मरून डोळा असलेलं. ते एक दिवस उमलतं आणि गळून जातं. त्या फुलाला कोणी विचारत नाही. फूल गळाल्यावर खालचा हिरवा-लाल पेला, ज्याला शाळेच्या पुस्तकात निदलपुंज म्हणतात, तो फुगायला लागतो. तो मांसल होतो, लालभडक होतो, आत बियांचं बोंड धरतो. वाळवून विकतात ते हे. बाजारात मात्र जगभर त्याला फूलच म्हणतात, मेक्सिकोतही 'फ्लोर दे हमाईका'. वनस्पतिशास्त्राचे मास्तर तिथं भाजी घ्यायला जात नसावेत.

आणि हो, हा चहा नव्हे. अमेरिकेत बाटल्यांवर 'आइस्ड टी' छापतात, पण यात चहाची पत्ती नाही, कॅफीन नाही. मेक्सिकोत ते 'आग्वा दे हमाईका', हमाईकाचं पाणी. मला हे नाव फार आवडलं. चहा म्हटलं की पाहुणचार आला, वेळ आली, बशीत ओतणं-न ओतणं आलं. पाणी म्हटलं की ते जेवणाच्या पानाशेजारी आपसूक असतंच.

*

हमाईका म्हणजे जमैका, ते वेस्ट इंडीजमधलं बेट. स्पॅनिशमध्ये 'ज'चा 'ह' होतो. गंमत अशी की खुद्द जमैकात या पेयाला जमैका म्हणत नाहीत. तिथं ते 'सॉरेल', नाताळचं पेय, आल्याचा झणका आणि बहुधा रमसकट. वनस्पती मूळची आफ्रिकेची. सेनेगलमध्ये ती 'बिसाप', नायजेरियात 'झोबो', घानात 'सोबोलो', इजिप्त-सुदानात 'कर्कदे'. गुलामांच्या जहाजांतून आफ्रिकी माणसं अटलांटिक ओलांडून नेली गेली, त्यांच्याबरोबर त्यांची पिकंही गेली. भेंडी गेली, टरबूज गेलं, ही गेली. मेक्सिकोत ती कॅरिबियनमार्गे आली असं तिचं नावच सांगतं. दुसरं मत पॅसिफिकच्या वाटेचं आहे. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं फिरत होती, आणि आशियातलं पुष्कळ काही त्यांतून मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागलं. खानावळीतली ती मातकट तपकिरी बरणी होती 'तामारिंदो', म्हणजे आपली चिंच. अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्थानचा खजूर म्हटलं आणि तेच नाव जीभ बदलत बदलत तिथवर पोचलं. एका मांडणीवर आफ्रिकेचं बोंड आणि हिंदुस्थानचा खजूर शेजारी-शेजारी, आणि दोन्ही आता पक्के मेक्सिकन.

गोड पाणी विकण्याची तिथली परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मेक्सिको सिटीत 'चिएरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका असत. सब्जासारखं दिसणारं चिया घातलेलं पाणी, फळांची पाणी, मातीचे रांजण, भोवती हिरव्या पाल्याची आणि फुलांची आरास. मेक्सिकन माणसांचे नमुने रेखाटणारं एक सचित्र पुस्तक १८५४ साली निघालं. त्यात पखालवाल्याला जशी जागा मिळाली तशीच या चिएरेलाही. आजही ओआहाका शहरातल्या बेनितो हुआरेस बाजारात 'कासिल्दा' नावाचा पाण्याचा ठेला आहे. लोक रस्ता विचारत तिथं जातात.

मी होते त्या महिन्यात त्यांचा 'दोलोरेसचा शुक्रवार' आला. गुड फ्रायडेच्या एक आठवडा आधी दुःखी मातेचा, म्हणजे मेरीचा दिवस. त्या दिवशी हालिस्को प्रांतात घरोघर वेदी मांडतात. पायऱ्यापायऱ्यांची आरास, वर मातेची तसबीर, आंबट संत्र्यांना टोचलेल्या सोनेरी कागदाच्या पताका, आणि छोट्या कुंड्यांत अंधारात उगवून पिवळट राहिलेले गव्हाचे कोंब. कोंब पाहून मी जागच्या जागी थांबले. नवरात्रातला घट इथं कुणी आणून ठेवला? वेदीजवळ लाल, पांढऱ्या, हिरव्या पाण्याचे काचेचे घडे. येणारा दारातून विचारतो, "माता रडली का?" घरातले म्हणतात, "रडली," आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला देतात. ते पाणी म्हणजे मातेचे अश्रू. लाल पाणी, अर्थात, हमाईकाचं.

आपल्याकडे त्याच सुमारास चैत्रगौर झोपाळ्यावर बसलेली असते आणि येणारीच्या हातावर वाटली डाळ नि पन्हं पडतं. यातून काही मोठा सिद्धान्त काढायचा माझा विचार नाही. उन्हाळा तोंडावर आला की देव कुठलाही असो, बायका त्याच्यासमोर आंबट-गोड पाणी आणून ठेवतात, एवढं पाहिलं.

*

ग्वादालाहाराच्या सान हुआन दे दिओस बाजारात वाळलेली हमाईका पोत्यांतून विकतात. मिरच्यांच्या ढिगांशेजारी तिचा काळपट लाल ढीग. भाचीनं विचारल्यावर विक्रेत्यानं दोन पोत्यांकडे दोनदा बोट केलं. एक 'क्रिओया', म्हणजे देशी, आणि दुसरं बाहेरचं. देशी महाग. आम्ही दोन्हींतलं एकेक बोंड चघळलं. बाहेरचं मोठं, रंगाला भडक. देशी बारकं, वेडंवाकडं, पण आंबटपणा असा की डोळे मिटले. आपल्याकडे गावठी टोमॅटो आणि संकरित टोमॅटो यांत जो फरक, तोच.

देशी हमाईकेचा मोठा वाटा गेरेरो राज्यातून येतो. आकापुल्कोच्या पूर्वेला कोस्ता चिका म्हणून किनारपट्टी आहे, तिच्यावरच्या तेकोआनापा, आयुत्ला या भागांतून. ही गावं मी पाहिलेली नाहीत. नकाशावर मात्र खूप वेळ पाहत राहिले. तेकोआनापाचा अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर. बोट तसंच पूर्वेकडे सरकवत पृथ्वीच्या या बाजूला आणलं तर ते सांगली-कोल्हापूरच्या आसपास टेकतं. याला अर्थ आहे, कारण हे झाड दिवसाची लांबी मोजतं. दिवस लांब असताना ते नुसतं पानांनी वाढत राहतं. सप्टेंबर उलटून दिवस आखडायला लागले की मगच कळ्या धरतं. पाऊस जूनमध्ये, पेरणी पावसाबरोबर, पुष्कळदा मक्याच्या ओळींत मिसळून, फुलं ऑक्टोबरात, काढणी नोव्हेंबर-डिसेंबरात. आपल्या खरिपाचंच वेळापत्रक.

काढणी हे कंबर मोडणारं काम आहे. फांद्या कापून ढीग घालायचा आणि भोवती बसून एकेक बोंड हातानं सोलायचं, लाल निदलं बाजूला, बियांचा गाभा बाजूला. त्या आम्लानं बोटांची सालं निघतात. मग चटईवर, ताडपत्रीवर, नाहीतर सरळ सिमेंटच्या खळ्यावर ऊन दाखवायचं. दहा किलो ताजी बोंडं वाळून जेमतेम एक किलो उरतात. धुळीचे कण असतात ते याच खळ्यावरचे, म्हणून घरी आणल्यावर आधी धुवायची.

एवढं करून बाजारात गाठ पडते ती सुदान, चीन आणि नायजेरियाहून आलेल्या स्वस्त मालाशी. नायजेरियाच्या वाळल्या बोंडांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मेक्सिको. २०१७ मध्ये कंटेनरांत साठवणीच्या किडी सापडल्या म्हणून मेक्सिकोनं ती आवक काही काळ बंद केली, तेव्हा नायजेरियाच्या शेतकऱ्यांचे हाल झाले. आवक चालू असते तेव्हा गेरेरोच्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही. तेकोआनापाकडची तरुण मुलं उत्तरेला, अमेरिकेकडे निघून जातात. जी शिकून मास्तर व्हायला निघाली, त्यांतली काही २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या, आयोत्सिनापाच्या शिक्षक विद्यालयातल्या ४३ विद्यार्थ्यांत होती. लाल पाण्याच्या पेल्यामागे हा सगळा मुलूख उभा आहे. पेला हातात धरून मी दर वेळी त्याचा विचार करते असं मुळीच नाही. पण देशी पोत्याचे जास्तीचे पैसे देताना मी घासाघीस केली नाही.

*

आता स्वयंपाकघरात.

भाचीच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. मी त्यांना सेन्योरा म्हणत असे, त्या मला 'ला तिया', म्हणजे मावशी. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींनाही स्वयंपाकघरात दुसरीची लुडबुड खपत नव्हती. त्यामुळे शिकवणी छान झाली. भाची मध्ये दुभाषी.

सेन्योरांनी चार मुठी बोंडं चाळणीत घेतली. (त्यांच्या मुठी मी नंतर काट्यावर तोलल्या, ५५ ते ६० ग्रॅम. हे दोन लिटरचं माप.) चाळणी नळाखाली धरून झरझर हलवली. पहिलं पाणी लालसर गढूळ, तळाला वाळू. दुसरं पाणी आलं की थांबायचं. तांदळासारखं चोळून धुतलं तर रंग आणि आंबट दोन्ही मोरीत.

मग एक लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळायला ठेवलं. मी कडेची अॅल्युमिनियमची पातेली पुढे सरकवली तर त्यांनी माझा हातच धरला. त्यांचं बरोबर होतं. यात सायट्रिक, मॅलिक आणि झाडाच्या नावानंच ओळखलं जाणारं हिबिस्कस आम्ल असतं, आंबटपणा लिंबाच्या रसाच्या जवळपास जातो. अॅल्युमिनियम, लोखंड, कल्हई गेलेलं पितळ, काहीही चालणार नाही. स्टील, काच किंवा मातीचं भांडं घ्यावं.

पाण्याला खळखळून उकळी आली की बोंडं टाकायची आणि आच मंद करायची. पाच मिनिटं. सेन्योरांकडे घड्याळ नव्हतं, त्या रंगाकडे आणि वासाकडे पाहत होत्या. दोन मिनिटांत पाणी गुलाबी, मग लाल, मग असं लाल की पळीचं टोक दिसेना. वास आधी आंबट येतो. तो शिजलेल्या मुरंब्यासारखा यायला लागला की उशीर झाला. गॅस बंद करून झाकण, आणि अर्धा तास पातेल्याला हात लावायचा नाही. जास्त उकळलं तर तुरटपणा वर येतो आणि ताजी चव जाऊन जॅमची चव राहते. एका खानावळीत मी तसलं प्याले होते. रंग शाईचा आणि चव काढ्याची.

अर्ध्या तासानं गाळायचं. मी सवयीनं चाळणीत पळी दाबायला गेले, त्यांनी मान हलवली. पिळायचं नाही. पिळलं की गढूळ होतं आणि उरलीसुरली वाळूही उतरते. साखर गरम असतानाच, दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि ढवळून विरघळली की वरून एक लिटर गार पाणी. सगळं दोन लिटर पाणी उकळत बसायचं नाही, अर्ध्यात गडद अर्क काढायचा आणि अर्ध्यानं तो सैल करायचा. गॅसही वाचतो, लवकर गारही होतं.

चाखायची वेळ आता. इथं त्यांनी मला एक गोष्ट शिकवली जी मी कैरीच्या पन्ह्यालाही लावते. कोमट असताना जे बरोबर गोड लागतं ते फ्रिजमध्ये गेल्यावर बेचव लागतं, कारण गार जिभेला गोड कमी कळतं. वर बर्फ वितळून पाणी वाढतं. म्हणून आत्ता थोडं जास्त आंबट, थोडं जास्त गोड हवं, इतकं की चाखणारा म्हणेल "जरा फार झालं." त्याच पाण्याचे बर्फाचे खडे करून ठेवले तर पेला शेवटच्या घोटापर्यंत सारखा राहतो, पण ही युक्ती भाचीची. सेन्योरांना ती उधळपट्टी वाटली.

दालचिनीबद्दल मी विचारलं. तिकडची दालचिनी मऊ, पापुद्र्यांची, हातानं चुरा होणारी. कुणी तिचा तुकडा घालतं, कुणी लवंग, कुणी संत्र्याची साल. सेन्योरांचं मत असं की बोंडं जुनी झाली असतील तर दालचिनी घालावी, नाहीतर कशाला? साखरेऐवजी पिलोनसियो चालतो, म्हणजे शंकूच्या आकाराचा त्यांचा गूळ. मी इकडे येऊन कोल्हापुरी गुळानं केलं. चव भरदार आली, रंग मात्र विटकरी झाला. पाहुण्यांसाठी साखर, घरच्यांसाठी गूळ.

शेवटी मी चिमूटभर मीठ घ्यायला हात पुढे केला. सरबत म्हटलं की मिठाचा चिमटा पडलाच पाहिजे, त्याशिवाय माझा हात थांबत नाही. सेन्योरांनी बरणीच्या तोंडावर तळहात ठेवला. भाचीकडे पाहून त्या काहीतरी बोलल्या. भाचीनं भाषांतर केलं नाही.

ज्यांना गॅसपाशी उभं राहायचं नाही त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. तेवढीच बोंडं धुऊन दोन लिटर गार पाण्यात घालायची आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी गाळायचं. रंग माणकासारखा स्वच्छ, तुरटपणा जवळजवळ नाही, चव हलकी. साखर गार पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून पाक वेगळा करून घालायचा. मला स्वतःला उकळलेलं जास्त आवडतं. त्यात थोडा कडवट कणा राहतो आणि बर्फासमोर तो टिकतो. कुठल्याही रीतीनं केलेलं चार-पाच दिवस फ्रिजमध्ये नीट राहतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडू देऊ नका, एवढं मात्र अनुभवानं सांगते. डाग साबणाला लागून निळा-हिरवा होतो. लाल रंग देणारी अँथोसायनिन आम्लात लाल असतात, अल्कलीत निळसर. मुलं घरात असतील तर पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून दाखवा, शाळेतल्या लिटमसपेक्षा हे लक्षात राहील.

चाळणीत उरलेली बोंडं मी कचऱ्याच्या डब्याकडे नेत होते. सेन्योरांनी चाळणी काढून घेतली. कांदा उभा चिरला, लसूण ठेचला, तेलावर परतला, बोंडं बारीक चिरून त्यात टाकली, वर धुरावलेली चिपोत्ले मिरची. दहा मिनिटांत मऊसर, आंबट-तिखट, किंचित चिवट असं काहीतरी झालं, आणि ते गरम मक्याच्या तोर्तियात गेलं. उपासाच्या शुक्रवारी मांस चालत नाही, तेव्हा हे. मी तीन तोर्तिया खाल्ल्या. तिसऱ्या तोर्तियाला ती हरवलेली ओळख सापडली. लसणाच्या फोडणीतली ती आंबट, चिवट चव मी लहानपणी शंभर वेळा खाल्ली होती. ज्वारीच्या कण्या घालून, वरून तेल सोडून, भाकरीबरोबर.

अंबाडी!

*

अंबाडी म्हटलं की आपल्याकडे पान. मराठवाड्यात, विदर्भात अंबाडीची भाजी ठाऊक नाही असं घर विरळा. पलीकडे तेलंगणात तीच गोंगुरा. अंबाडी नावाखाली खरं तर दोन झाडं नांदतात. एक 'कॅनाबिनस', जिचा वाख काढून दोर वळायचे. दुसरी लाल देठाची, तीच ही 'सब्दारिफा'. (गोव्यात आंबाडे मागितलेत तर हातात तिसरंच आंबट फळ येईल, ते झाडावरचं.) ज्वारीच्या नाहीतर कपाशीच्या कडेनं दोन ओळी टाकायच्या, कोवळी असताना पाला खुडायचा, वाढली की बियाण्यापुरती ठेवून बाकीची उपटायची. बोंडांची चटणी विदर्भात करतात, सरबतही करतात. आमच्या घरी मात्र बोंड म्हणजे बियाणं, खायची वस्तू नव्हे.

माझ्या कितीतरी आधी विदर्भातले, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतीच्या धामधुमीतून निसटून मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केलं. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेरानं काढलेल्या चित्रात भाकर मोडून वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोज्यांच्या चेहऱ्याचा. ते चित्र पाहताना मला वाटत राहिलं, अंबाडीच्या मुलखातल्या या शेतीतज्ज्ञानं लाल पाण्याचा पहिला पेला ओठाला लावताच बोंड ओळखलं असणार. माझ्यासारखा आठवडा घालवला नसेल.

रक्तदाबाचं विचारणारे भेटतातच, म्हणून सांगते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्‌स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६५ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्तदाब किंचित वाढलेल्यांना सहा आठवडे रोज तीन कप हमाईकाचं बिनसाखरेचं पाणी दिलं, तर वरचा आकडा सरासरी ७.२ नं उतरला. दिखाऊ पेय घेणाऱ्यांचा १.३ नं. परिणाम आहे, म्हणूनच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून प्या. आणि साखर घातलेल्या पेल्याला औषध म्हणू नका. मेक्सिकोनं २०१४ च्या जानेवारीपासून बाटलीबंद गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, इतका साखरेचा प्रश्न तिथं गंभीर आहे. खानावळीतल्या बरणीवर तो कर नाही, पण साखर त्यातही असतेच.

पुण्यात वाळलेली बोंडं आता मिळतात. सुंदर डब्यांत, 'हिबिस्कस टी' असं लिहून, केशराच्या थाटात. एक डबा आणला, किंमत पाहून दुसरा आणला नाही. गेल्या मार्गशीर्षात मंडईतल्या पालेभाजीवाल्या मावशींना विचारलं, "अंबाडीची बोंडं आणाल का? लाल देठाची."

"बोंडं? कशाला वो? तिचा पाला संपला आता."

"सरबत करायचंय."

त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. पुढच्या गुरुवारी जुन्या साडीच्या गाठोड्यात दीड-दोन किलो बोंडं बांधून आणली होती. "बांधावरची हायत. किती पैसे सांगू, तुम्हीच सांगा." मावशींनी आणि मी मिळून एक भाव ठरवला, तो आम्हा दोघींनाही जरा जास्तच वाटला.

ताज्या बोंडाचा बुडखा सुरीनं कापायचा आणि आतला हिरवा गाभा बोटानं वर ढकलायचा, टप्‌कन बाहेर येतो. वाळलेल्या ६० ग्रॅमच्या जागी ताजी अर्धा किलोहून थोडी जास्त लागतात. तासाभरात माझी बोटं चरचरायला लागली. कोस्ता चिकातल्या खळ्यावर दिवसभर बसणाऱ्या बायका मला त्या वेळी आठवल्या. उरलेली बोंडं गच्चीत सुपात वाळवली, चार दिवस. हिरवे गाभे फेकले नाहीत, त्यांत पेक्टिन असतं, त्याच्या बळावर बोंडांचा छोटा मुरंबा झाला.

पाणी सेन्योरांच्या रीतीनं केलं. पाच मिनिटं, अर्धा तास, न पिळता, बिनमिठाचं. रंग तोच. चव त्या देशी पोत्यातल्यासारखी, डोळे मिटायला लावणारी. एक बाटली भरून मंडईत नेली.

मावशींनी झाकण उघडून वास घेतला. उजेडाकडे बाटली धरली. मग झाकणात ओतून एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. शेजारणीला झाकण दिलं. तिनंही घेतला. दोघी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"चांगलंय," मावशी म्हणाल्या. "पन मीठ घालायचं इसरलात जनू."